साक्षीदाराची सही

रोखेताईंचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि गल्लीत त्याबद्दल त्यांना कुणी नावंही ठेवत नव्हतं. भाजी घरी आणली की त्या ती स्वतःच्या तराजूवर पुन्हा तोलायच्या. कुलूप लावलं की ओढून बघायच्या, आणि जिन्याच्या वळणावरून परत येऊन पुन्हा एकदा ओढायच्या. एखाद्या शेजारणीने "आज अगदी तरतरीत दिसताय" म्हटलं, तर हिला आपल्याकडून काय हवं असेल याचा विचार संध्याकाळपर्यंत चालायचा.

याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी जन्मभराची पुंजी एका खाजगी पतपेढीत ठेवली होती. पतपेढीचा मालक रोज सकाळी वडिलांना वाकून नमस्कार करायचा. एके दिवशी नमस्कार झाला नाही. वडील चौकशीला गेले तर दाराला कुलूप, आणि कुलपासमोर त्यांच्यासारखीच चाळीस-पन्नास माणसं. त्यानंतर वडिलांनी अंथरूण धरलं ते धरलंच. तेव्हापासून थोरल्या मुलीने मनाशी खूणगाठ बांधली, की नमस्कार करणाऱ्याला दोन हात लांब ठेवायचं.

फक्त एकाला त्यांनी या संशयातून वगळलं होतं. ते म्हणजे सरकार.

कपड्यांच्या कारखान्यात त्या बटणं लावायच्या कामावर होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी सरकारी कर्जरोख्यांची एजन्सी घेतली. धंदा समजायला सोपा होता. सरकारचा खर्च मोठा, करातून येणारे पैसे थोडे. मधली तूट भरून काढायला सरकार लोकांकडून कर्ज घेतं आणि त्या कर्जाची पावती म्हणून रोखा देतं. मुदत संपेपर्यंत व्याज, मुदत संपली की मुद्दल परत. रोखेताई घरोघर फिरून हे रोखे विकायच्या आणि त्यावर त्यांना थोडी दलाली मिळायची. खांद्याला काळी पिशवी, पिशवीत फॉर्म, डिंकाची बाटली, शाईचं पॅड. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्यायच्या आणि अंगठा पुसायला स्वतःच कापूस द्यायच्या. त्यांचं खरं नाव हळूहळू लोक विसरून गेले.

"दुकानदार पळतो, भागीदार पळतो, जावई पळतो," त्या सांगायच्या. "सरकार पळून कुठे जाणार? त्याच्या इमारती केवढ्या, त्यातलं फर्निचर केवढं."

त्यांचे यजमान त्याच इमारतींपैकी एकीत लिफ्टमन होते. अर्थखात्याची ती इमारत. जुनी पितळी लिफ्ट, जाळीचं दार, कोपऱ्यात एक गोल स्टूल. लिफ्टमन त्या स्टुलावर बसून लिफ्ट चालवायची मूठ फिरवायचे आणि साहेबलोक वर-खाली जायचे. साहेबलोकांची एक गंमत असते. लिफ्टमध्ये शिरताना ते इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतात, पण लिफ्टमनकडे बघत नाहीत. तो त्यांच्या लेखी मुठीचाच एक भाग. त्यामुळे कुणाची बदली होणार, कुणाचा मेहुणा ठेकेदार आहे, इमारतीसमोरच्या कारंज्याचं बिल तीनदा का पास झालं, हे सगळं लिफ्टमनच्या कानावरून रोज जायचं. ते घरी येऊन त्यातलं एक अक्षर बोलायचे नाहीत. रोखेताईंनी लग्नानंतरची पहिली काही वर्षं खोदून खोदून विचारलं. मग नाद सोडला.

गल्लीच्या तोंडाशी सलून होतं. सलूनवाला बोलका माणूस. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की कात्री आणि जीभ दोन्ही बरोबर सुरू. रोखेताईंनी त्यालाही रोखे विकले होते, पण त्यासाठी वर्षभर त्याचं व्याख्यान ऐकून घ्यावं लागलं होतं.

"ब्लेडवर कर," तो म्हणायचा. "साबणावर कर, आरशावर कर. केस वाढण्यावर अजून नाही लावला, एवढं नशीब. आणि वर तुम्ही येता कर्ज मागायला. डाव्या खिशातून कर, उजव्या खिशातून कर्ज."

"कर परत मिळत नाही. कर्ज व्याजासकट मिळतं," रोखेताई म्हणाल्या.

"आणि ते व्याज सरकार कुठून देतं?"

"सरकारकडे असतं."

"माझ्या ब्लेडवरच्या करातून देतं, ताई. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून नवीन कर्ज काढून देतं." असं म्हणून त्याने फॉर्मवर सही केली. शेवटी बायकोच्या दागिन्यांपेक्षा कागद बरा, चोर कागद नेत नाही, असा त्याचा हिशेब होता.

त्या वर्षी सरकारने रोख्यांवरचं व्याज एकदा वाढवलं, आणि काही महिन्यांतच पुन्हा वाढवलं. रोखेताईंचा धंदा जोरात चालला. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी निवृत्तीचे सगळे पैसे घातले. पण याच सुमाराला रोखेताईंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. भाजीवाला न मागता जास्त कोथिंबीर घालतो तेव्हा खालची वांगी किडकी असतात, हा त्यांचा अनुभव होता. मग सरकार न मागता जास्त व्याज का देतंय? त्यांनी यजमानांना विचारलं.

"तुमच्या ऑफिसात काय म्हणतात?"

"काय म्हणणार? कारंजं चालू झालंय. लॉबीत संगमरवर बसवतायत."

"पैशाचं विचारतेय मी."

"संगमरवर काय फुकट येतो का?" लिफ्टमन म्हणाले, आणि अंघोळीला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लिफ्टमनांचं वागणं बदललं. एक-दोनदा उशिरा घरी आले. जेवताना मान वर करेनात. ऑफिसला नेण्याची पिशवी नेहमी खुंटीला टांगायचे, ती आता स्वतःजवळ ठेवायला लागले. रोखेताईंनी पहिल्यांदा शर्टाचा वास घेतला. दारूचा वास नव्हता, अत्तराचाही नव्हता. निवृत्तीला वर्षही उरलेलं नसताना माणूस या वयात काय उद्योग करेल? पत्ते? शर्यत? की कुणाला जामीन राहिलाय?

एके दिवशी त्या रोखे विकायला म्हणून बाहेर पडल्या आणि अर्थखात्याच्या इमारतीसमोर, कारंज्याच्या आड उभ्या राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टमन बाहेर आले आणि रस्ता ओलांडून बँकेत शिरले. बऱ्याच वेळाने बाहेर आले. इकडेतिकडे बघितलं. पिशवी हातात होती, पण आता ती सैल लोंबत होती.

घरी आल्यावर त्यांनी सरळ विचारलं. "आज बँकेत कशाला गेला होतात?"

लिफ्टमनांनी चप्पल काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "पेन्शनचं खातं उघडायचं होतं. आधी उघडावं लागतं."

उत्तर पटण्यासारखं होतं. म्हणूनच रोखेताईंना ते पूर्ण पटलं नाही. पण त्याच आठवड्यात त्यांची धाकटी बहीण घरी आली आणि तो विषय मागे पडला.

धाकटीचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं. दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून तिच्या कमरेचा सांधा झिजला होता. पुढच्या वर्षी ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने दुकान विकलं. त्याचे पैसे घेऊन ती आली होती.

"वर्षाच्या मुदतीचे आहेत ना तुझ्याकडे?" धाकटीने विचारलं. "तेवढंच व्याज सुटेल. औषधाला होईल."

"आहेत ना." रोखेताईंनी पिशवी उघडली.

लिफ्टमन खिडकीपाशी चहा पीत बसले होते. ते एकदम म्हणाले, "एवढी घाई काय आहे? बँकेत राहू देत की महिनाभर."

रोखेताईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आजवर धंद्यात हा माणूस कधी मध्ये बोलला नव्हता. बहिणीकडून आपल्याला चार पैसे दलाली मिळते, ती याच्या डोळ्यांत खुपतेय की काय? की ते पैसे यालाच कशात तरी वळवायचे आहेत?

"बँक काय देते? चिंचोके," त्या तोडून म्हणाल्या. "तुम्ही तुमचा चहा प्या."

लिफ्टमनांनी कप तोंडाला लावला. फॉर्मवर एका साक्षीदाराची सही लागायची. एजंटला ती करता येत नसे. रोखेताईंनी फॉर्म त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी कप खाली ठेवला, हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि सही केली. धाकटी समाधानाने म्हणाली, "भावोजींची सही किती वळणदार आहे."

महिना उलटायच्या आत ते झालं. सकाळची वेळ होती. सलूनमधला रेडिओ एरवी गाणी लावायचा, त्या दिवशी मंत्री बोलत होते. देशावरचं कर्ज फार वाढलं आहे, जुन्या सरकारांनी फार उधळपट्टी केली आहे, कठीण निर्णय घ्यावा लागतो आहे. म्हणून लोकांकडच्या सर्व रोख्यांची परतफेड आणखी दहा वर्षांनी होईल. व्याज निम्मं. मुदतीआधी रोखे मोडायची सोयही आजपासून बंद. हे सगळं देशहितासाठी आहे आणि नागरिक हसतमुखाने साथ देतील याची मंत्र्यांना खात्री होती. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच उठलं.

रोखेताईंना हे जिन्यातल्या आवाजाने कळलं. दार उघडलं तर सलूनवाला होता, गळ्यात टॉवेल तसाच. मागे नर्सबाई, आणखी पाच-सहा जण. सगळ्यात मागे, कठड्याला धरून एकेक पायरी चढत, धाकटी. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, असं रोखेताईंना वाटलं.

"दहा वर्षं," नर्सबाई म्हणाल्या. "मी तेव्हा कुठे असेन?"

"तुम्ही म्हणाला होतात, कर परत मिळत नाही, कर्ज मिळतं," सलूनवाला म्हणाला. "आता दोन्ही सारखंच झालं."

"मला काय माहीत होतं?" रोखेताई म्हणाल्या. "माहीत असतं तर मी स्वतःच्या बहिणीला दिले असते का?"

मग मागून कुणीतरी, बहुतेक पिठाच्या गिरणीवाल्याने, हळूच विचारलं, "तुमचे स्वतःचे आहेत का हो अजून?"

"आहेत ना! माझे काय, सगळे तिथेच आहेत. आमच्या दोघांच्या नावावर. तुमच्यासारखीच मीही बुडाले. थांबा, दाखवते."

त्या आत गेल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, थंडीच्या चादरींखाली पत्र्याचा डबा होता. कमरेच्या जुडग्यातली किल्ली लावून त्यांनी डबा उघडला. कापडी पाकीट होतं तिथेच होतं. वजनही तेवढंच होतं. गेल्या महिन्यात संशय आला तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन तोलून बघितलंही होतं. आता त्यांनी ते उलगडलं. आत वर्तमानपत्राच्या घड्या होत्या, रोख्यांच्या आकाराच्या, नीट कापलेल्या.

त्यांनी मान वर केली. लिफ्टमन दारात उभे होते. त्या दिवशी ऑफिसला गेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

बाहेर माणसं वाट बघत होती. रोखेताईंनी डबा बंद केला, चादरी वर टाकल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "किल्ली सापडत नाहीये."

सलूनवाल्याची नजर त्यांच्या कमरेकडे गेली. जुडगा तिथेच होता, नुकताच हलल्यामुळे किणकिणत होता. टॉवेल गळ्यातून काढून त्याने खांद्यावर टाकला आणि जिना उतरायला लागला. एकामागून एक सगळे गेले. धाकटीने तेवढं जाताना विचारलं, "ताई, माझं ऑपरेशन?" आणि उत्तराची वाट न बघता तीही गेली.

दार लागल्यावर रोखेताई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "बोला."

लिफ्टमन उभेच राहिले. "तिसऱ्या मजल्यावर कर्ज विभाग आहे. तिथले दोन साहेब. मोठा धाकट्याला म्हणाला, यंदा जेवढं नवीन कर्ज काढू तेवढं जुन्याच्या व्याजातच जाणार. धाकट्याने विचारलं, मग लोकांचे रोखे? मोठा म्हणाला, तुझ्या सासऱ्यांचे असतील तर महिनाअखेरीच्या आत मोडायला सांग. तेवढ्यात तळमजला आला."

"आणि तुम्ही मोडलेत."

"किल्ली तू झोपलीस तेव्हा घेतली, सही दोघांपैकी एकाची चालते. थोडे पैसे कापून घेतले. बाकीचे बँकेत आहेत."

"मला सांगितलं नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर तू संध्याकाळपर्यंत गल्लीला सांगितलं असतंस. गल्लीने गावाला. मग कुणी सांगितलं ते शोधलं असतं. लिफ्टमध्ये तिघंच होतो. नोकरी गेली असती, पेन्शन गेली असती, कदाचित आत टाकलं असतं."

हे खरं होतं. रोखेताईंनी ते मनातल्या मनात मान्यही केलं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर खिडकीपाशी ठेवलेला चहाचा कप होता.

"धाकटीने पैसे दिले त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं."

"मी म्हटलं होतं, घाई काय आहे म्हणून."

"एवढंच?"

"तू म्हणालीस, तुम्ही तुमचा चहा प्या."

"आणि तुम्ही प्यायलात. सही केलीत साक्षीदार म्हणून. तिच्या दुकानाच्या पैशांवर."

लिफ्टमन खाली बसले. ते म्हणाले, "तीस वर्षं त्या स्टुलावर काढली. ऐकायचं आणि गप्प बसायचं. मला दुसरं काही येतच नाही आता." रोखेताईंना दया आली नाही. त्यांना वाटलं, हे वाक्य यांनी बरेच दिवस आधी तयार करून ठेवलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टमनांना घेऊन बँकेत गेल्या. जेवढे धाकटीने दिले होते तेवढे काढायला लावले. वर्षाने तिला मिळणार होतं त्या व्याजाचं काय करायचं यावर काउंटरसमोर थोडी हुज्जत झाली, मग व्याजही काढलं. पैसे घेऊन त्या एकट्याच धाकटीच्या खोलीवर गेल्या. धाकटी बंद पडलेल्या दुकानाच्या मागेच राहायची. भिंतीला अजून वाफेचा, कांजीचा वास होता.

रोखेताईंनी काही लपवलं नाही. लिफ्ट, दोन साहेब, वर्तमानपत्राच्या घड्या, सगळं सांगितलं. धाकटी पैशांकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे तुला आधी माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"तुला. जी भाजी दोनदा तोलते तिला."

"नव्हतं गं."

"बरं," धाकटी म्हणाली आणि पैसे उशीखाली ठेवले. दहा वर्षांनी वटणारे ते रोखे तिच्या कपाटात होते. ते आता कुणाचे, हे रोखेताईंनी विचारलं नाही, आणि धाकटीनेही तो विषय काढला नाही. चहा करते असंही ती म्हणाली नाही.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. बहिणीला पैसे मिळाले. म्हणजे रोखेताईंकडे पैसे होते. म्हणजे त्यांनी आधीच काढले होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. साखळी अगदी बिनतोड होती. रोखेताई स्वतः त्या लोकांत असत्या तर त्यांनीही हीच जोडली असती. खरं तर धाकटीला पैसे दिले नसते तर कुणाला काही कळलंही नसतं. नर्सबाईंनी जिन्यात बोलणं सोडलं. गिरणीवाला त्यांचं दळण सगळ्यांच्या शेवटी दळायला लागला.

सलूनवाल्यासमोरून जाताना एकदा त्या थांबल्या. गिऱ्हाईक नव्हतं.

"तुम्हालाही वाटतं का, की मला माहीत होतं?"

त्याने आरसा पुसत उत्तर दिलं. "मी मानतो, की तुम्हाला माहीत नव्हतं."

"मग?"

"मानणं वेगळं, ताई. वाटणं वेगळं. ती किल्ली कमरेला होती हो तुमच्या."

त्यांनी एजन्सी सोडली. काळी पिशवी, पॅड, उरलेले फॉर्म सरकारी कचेरीत नेऊन दिले. तिथल्या कारकुनाने विचारलं, नवीन रोखे निघणार आहेत, जास्त दलाली आहे, सोडता कशाला? त्या पोच घेऊन बाहेर पडल्या. मग बाजारातल्या एका शिंप्याकडे बटणं आणि काजं करायचं काम धरलं.

दरम्यान वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. घोषणेच्या आधीच्या महिन्यात बऱ्याच लोकांनी रोखे मोडले होते, आणि त्यांत मोठमोठी नावं होती. सरकारने चौकशी नेमली. मोठ्या नावांनी आपापली कारणं दिली, ती मान्य झाली. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाला बंगला घ्यायचा होता. चौकशी पायऱ्या उतरत उतरत खाली आली आणि लिफ्टमनपाशी येऊन थांबली.

चौकशी अधिकारी घरी आला. वयाने तरुण, बोलायला अतिशय सभ्य. त्याने चहा घेतला, पण प्यायला नाही.

"तुमच्या मिस्टरांनी रोखे का मोडले?"

लिफ्टमन खिडकीपाशी बसले होते. रोखेताईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "माझ्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी," त्या म्हणाल्या. "दुखणं वाढलं, म्हणून लवकर झालं ऑपरेशन. हॉस्पिटलात विचारा."

"विचारलं. पैसे तुमच्याकडूनच आलेत." त्याने मान हलवली. "मला एवढंच कळत नाही. ऑपरेशनचे पैसे तुम्ही देणार होतात. बहिणीकडे स्वतःचेही पैसे होते. ते तिने त्याच महिन्यात तुमच्याकडून रोख्यांत घातले. आणि त्याच महिन्यात तुम्ही तुमचे मोडले. बहिणीचे आत, तुमचे बाहेर. असं कसं?"

रोखेताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना असे प्रश्न विचारले होते. समोरच्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"बहिणीलाच विचारतो," अधिकारी उठत म्हणाला. "आता सरळ तिकडेच जातो. मधे त्यांच्याशी बोलू नका."

तो गेल्यावर रोखेताईंनी त्याचा न प्यायलेला चहा मोरीत ओतला. धाकटीने ऑपरेशननंतर एकदाही निरोप पाठवला नव्हता. ती खरं बोलली तर लिफ्टमनांची पेन्शन गेली, कदाचित घरही. आणि तिने खरं का बोलू नये? साक्षीदाराची ती सही तिच्यासमोरच झाली होती.

काय झालं ते त्यांना नर्सबाईंकडून कळलं. नर्सबाई धाकटीचं ड्रेसिंग करायला जायच्या, आणि अधिकारी आला तेव्हा तिथेच होत्या. इतक्या महिन्यांनी त्या पहिल्यांदा रोखेताईंच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"तिने सांगितलं, दुकानाचे पैसे म्हातारपणासाठी होते, म्हणून रोख्यांत घातले. ऑपरेशनचा खर्च ताईने करायचा हे आधीच ठरलं होतं. थोरली बहीण आहे, करणारच, असं म्हणाली. त्याने उलटसुलट विचारलं. ती एकच उत्तर देत राहिली. शेवटी म्हणाली, साहेब, माझे रोखे सरकारकडेच अडकलेत, मला खोटं बोलून काय मिळणार?"

"मग?"

"मग तो गेला." नर्सबाई जायला वळल्या. "किती व्यवस्थित बोलत होती हो. जणू पाठच केलं होतं." एवढं बोलून त्या वर गेल्या.

लिफ्टमनांवर काही सिद्ध झालं नाही. पण त्यांना लिफ्टवरून काढून रद्दीच्या खोलीत बसवलं आणि जुन्या लिफ्टच्या जागी परदेशातून बटणांची नवी लिफ्ट आणली. तिच्या किमतीवरूनही वर्तमानपत्रांत दोन दिवस लिहून आलं. उरलेले महिने लिफ्टमनांनी रद्दीच्या गठ्ठ्यांना दोऱ्या बांधत काढले. निवृत्तीच्या दिवशी त्यांना नारळ-हार काही मिळालं नाही. पेन्शन मात्र सुरू झाली.

रोखेताईंचं मन त्या साक्षीपाशी अडकून राहिलं. काजं करताना, सुईत दोरा ओवताना त्या तेच उलटंपालटं करत. धाकटीने आपल्याला वाचवलं, यात शंका नव्हती. पण का? बहीण म्हणून? की आता ते रोखे कायद्याने तिचेच ठरले, ऑपरेशनचे पैसे ताईची भेट ठरले, आणि परत मागायची सोयच राहिली नाही म्हणून? दोन्ही असेल का? माणूस एकाच वाक्यात दोन्ही करू शकतो का? कधी त्यांना धाकटीला मिठी मारावीशी वाटे, आणि कधी जाऊन रोखे मागावेसे वाटत. दोन्हीपैकी त्यांनी काहीच केलं नाही.

एका रविवारी दार वाजलं. धाकटी होती. काठी न घेता जिना चढून आली होती, थोडी दमली होती. घरात येऊन ती आधी खुर्ची चाचपून मग बसली.

"चढता येतंय की," रोखेताई म्हणाल्या.

"येतंय. उतरताना जपावं लागतं."

रोखेताई चहा टाकायला आत गेल्या. बाहेरच्या खोलीत लिफ्टमन आणि धाकटी दोघंच राहिले. मग लिफ्टमनांचा आवाज आला.

"नवीन रोखे निघालेत म्हणे. तू घेऊ नकोस."

रोखेताई चमकल्या. इतक्या वर्षांत या माणसाने कुणाला एवढं सरळ काही सांगितलं नव्हतं.

"का हो, भावोजी?" धाकटीने विचारलं. "काही ऐकलंत का?"

"मी कुठून ऐकणार आता?"

"तसं नाही. तुम्हाला माहीत असतं."

रोखेताईंनी हात पुढे करून गॅस बारीक केला. उकळणारं पाणी शांत झालं. त्या दाराच्या कडेला सरकून उभ्या राहिल्या. बाहेर धाकटी आवाज खाली आणून काहीतरी म्हणाली, आणि लिफ्टमनांनी त्याहून हळू उत्तर दिलं. त्यातला एकही शब्द नीट कळला नाही. मग दोघंही गप्प झाले. पाण्याचा आवाज थांबलेला त्यांनाही ऐकू गेला असावा, असं रोखेताईंना वाटलं.